पाण्याच्या वाटेनं ठकूमावशी

ठकूमावशीला मांडी घालून बसलेलं मी कधी पाहिलं नाही. बसायची ती उकिडवी, तीही उंबऱ्याजवळ, चटकन उठता यावं म्हणून. चहा उभ्यानं प्यायची. बशीला तिनं कधी हात लावला नाही. चहा निवेपर्यंत थांबायचं कुणी? घशात ओतला की पदरानं तोंड पुसून म्हणायची, "चल गं, निगते." कुठं निघालीस असं विचारलं तर तिलाही सांगता यायचं नाही. आमच्या लोणावळ्याच्या घरी आली की दारातून परसात, परसातून आडावर, आडावरून पुन्हा दारात अशा तिच्या फेऱ्या चालायच्या. माझ्या सासूबाई शिस्तीच्या. त्या एकदा वैतागून म्हणाल्या, "हिच्या तळव्यांना कुणी खाजकुयरी लावली की काय?" मावशीनं तिथल्या तिथं सांगितलं, "कुनी लावली न्हाई, बया. मुळातच उगावली."

ती माझी सख्खी मावशी नव्हे. कामशेतच्या पलीकडे इंद्रायणीच्या काठी आमचं गाव, आणि गावातल्या सगळ्याच पोरींची ती मावशी. नवरा मुंबईला गोदीत कामाला म्हणून गेला तो तिकडचाच झाला. मूलबाळ नाही. भावाच्या भातखाचरात राबायची आणि कपाळाला ठसठशीत कुंकू लावायची. "मेल्याचा निरोप आला न्हाई तवर हाये म्हनायचं," याहून जास्त ती नवऱ्याबद्दल बोलायची नाही.

गावात तिचं खरं काम पाठराखणीचं. आता ती चाल राहिली नाही, म्हणून सांगते. दहा-अकरा वर्षांची पोर सासरी निघाली की तिच्या सोबतीला माहेरची एक बाई जायची, तिला पाठराखीण म्हणत. ठकूमावशीइतकी चांगली पाठराखीण पंचक्रोशीत नव्हती. पोरीला कुशीत घेऊन निजायची, तिची वेणी घालायची, आणि सासूला अशा आवाजात बजावायची की सासूही ऐकून घ्यायची. "ही झोपंत बरळती, कुनी हाका मारून उठवायचं न्हाई." "हिला भाकरीचा पापुद्रा लागतो, तेवडा काडून ठेवा." तिसऱ्या-चौथ्या दिवशी सासरची माणसं पाठराखणीच्या हातावर नारळ ठेवत. नारळ आला की तिनं समजायचं, आपलं काम झालं. पोरीचं लक्ष नसताना निघायचं आणि मागं वळून बघायचं नाही. वळून बघितलं तर पोर सासरी रुळत नाही, असा समज होता.

मावशी सगळ्या आयाबायांना सांगायची, "लेक पान्याच्या वाटंनं द्यावी. उतरनीला लागली की सुकानं जाती." म्हणजे नदी जिकडे वाहते तिकडच्या गावात द्यावी. आमच्या गावच्या निम्म्याहून अधिक पोरी तशाच गेल्या, वडगावकडे, तळेगावकडे, देहूच्या अंगाला. कोण कुठं सुखात आहे आणि कोण नाही, याचा हिशेब काही कुणी मांडला नव्हता. मावशीलाही पोरीला सोडून आल्यानंतर पुढचं फारसं कळायचं नाही. तिचं काम अर्ध्यापर्यंतचंच.

माझ्या लग्नाच्या दोन वर्षं आधी सगुणेचं लग्न झालं. सगुणा आमच्या शेजारची, माझ्याच वयाची, सागरगोट्यांत मला कधी जिंकू न देणारी. तिला पाण्याच्या वाटेनंच दिली, इंदोरीच्या खाली नदीकाठच्या एका गावी. गावाचं नाव लिहीत नाही, तिथं अजून माणसं नांदताहेत. मावशी पाठराखीण म्हणून गेली. तिसऱ्याच दिवशी तिच्या हातावर नारळ पडला. सगुणेला काय वाटलं कोण जाणे, रात्री निजताना तिनं आपल्या पदराची मावशीच्या पदराशी गाठ मारून ठेवली होती. सकाळी पोर गाढ झोपेत असताना मावशीनं ती गाठ सोडली आणि निघून आली. चालीप्रमाणं वागली. तिला कुणी नाव ठेवलं नाही.

श्रावणात सगुणा नदीवर पाण्याला गेली. नदीला लोंढा होता. घागर खालच्या वळणावर झाडीत अडकलेली मिळाली, सगुणा मिळाली नाही. पाय घसरला की आणखी काही, ते कुणी पाहिलं नाही. ऐकलं तशी मावशी त्या गावी धावली. "सगुणा कुटं पडली?" म्हणून घाटावर विचारू लागली तर बाया म्हणाल्या, कोण सगुणा? सासरी तिचं नाव बदललं होतं. मावशी आठ दिवस काठाकाठानं शोधत फिरली आणि परत आली ती पाठराखणीचं काम सोडल्याचं सांगतच. आधी ती नुसती चपळ होती. आता तिला जागाच सापडेना. कुठंही बसली की तिला वाटायचं, आपण इथं बसलोय आणि पोर तिकडं पुढं पुढं चाललीय. हे तिनंच मला पुढं सांगितलं.

पहिली मोठी लढाई संपली त्यानंतरच्या वैशाखात माझं लग्न झालं. मी हटून बसले, ठकूमावशी येणार असेल तरच सासरी जाईन. आईनं तिचे पाय धरले तेव्हा ती तयार झाली. मला दिली होती लोणावळ्याला, म्हणजे नदीच्या वरच्या अंगाला. आगगाडीत माझी हनुवटी धरून मावशी म्हणाली, "बरं झालं वर दिली. न्हाईच पटलं तर घरंगळत यील माह्याराला." मी रडता रडता हसले.

चौथ्या दिवशी सासूबाईंनी रीतीप्रमाणं तिच्या हातावर नारळ ठेवला. मावशीनं तो तिथंच पायरीवर आपटून फोडला, पाणी मला पाजलं, खोबऱ्याचे तुकडे करून सासूबाईंसकट सगळ्यांना वाटले, म्हणाली, "ग्वाड हाय," आणि राहिली! सासूबाईंच्या सात पिढ्यांत असं कुणी केलं नसेल. त्यांनी तिला दुसऱ्यांदा वाढायचं बंद केलं. मावशीनं तेही पचवलं. नवव्या दिवशी आडावर मला एकटीला गाठून तिनं विचारलं, "मी जाऊ का? भिऊन सांगू नगंस." मी म्हटलं, जा. तिनं तीन वेळा विचारलं आणि मी तीन वेळा जा म्हटलं, तेव्हा तिनं आपलं गाठोडं उचललं.

त्या नऊ दिवसांत तिनं एक गोष्ट करवून घेतली. नदी कुठून निघते ते तिला बघायचं होतं. मामंजींचे कुणी नातलग कुरवंड्याला होते, तिकडे जेवायला जायचं निमित्त काढून त्यांनी आम्हाला नेलं. वैशाखाचे दिवस, पाणी कुठलं असायला? दोन दगडांच्या बेचक्यात ओल होती आणि तिच्यावर गांधीलमाश्या बसल्या होत्या. मामंजी म्हणाले, "हीच इंद्रायणी." मावशी वाकून बघत राहिली. "एवडीशी? हिनं गिळली व्हय माजी पोर?" मग ती कड्याच्या टोकाशी गेली. खाली कोकण पसरलेलं, आणि त्याच्याही पलीकडे उन्हात एक रेघ चमकत होती. मामंजींनी सांगितलं, तो समुद्र. मावशी चक्रावली. समुद्र इतका हाकेवर असताना ही नदी त्याच्याकडे पाठ करून निघाली कुठं?

त्याचं उत्तर आमच्या यांनी दिलं. हे तेव्हा रेल्वेच्या मालधक्क्यावर कारकून म्हणून नुकतेच लागले होते. घरात माझ्याशी बोलायची चोरी, म्हणून मला सांगायचं ते सगळं मावशीला सांगायचे आणि ऐकायची मी. त्यांनी कोळशानं फरशीवर रेघ ओढली. इंद्रायणी तुळापूरला भीमेत जाते, भीमा कानडी मुलखात कृष्णेत जाते, आणि कृष्णा सगळा तेलंगी मुलूख ओलांडून पूर्वेच्या समुद्राला मिळते. रेघ चुलीपासून निघाली आणि माजघर ओलांडून पार ओसरीच्या कडेला गेली. मावशी त्या रेघेच्या बाजूनं चालत गेली आणि टोकाशी थांबली. "म्हंजी ती हितवर गेली असंल," ती म्हणाली. कोण गेली असेल, हे घरात कुणाला विचारावं लागलं नाही.

लोणावळ्याच्या आसपास विजेसाठी धरणं बांधून तेव्हा थोडीच वर्षं झाली होती. वरचं पाणी अडवून मोठमोठ्या नळांतून घाटाखाली खोपोलीला सोडत, म्हणजे पार उलट्या दिशेला. मावशीच्या कानावर हे आलं. मला सोडून ती गावी गेलीच नाही, आधी घाट उतरून खोपोलीला गेली. तिथल्या पहारेकऱ्याला तिनं विचारलं, "नळातनं मानूस हिकडं यील का?" तो हसला. वर जाळी असते म्हणाला, मासासुद्धा येत नाही. यांनी तिला नंतर समजावलं की मावशी, सगुणा पडली ती पार खाली, इंदोरीच्याही पुढं. तिथलं पाणी उलटं चढून लोणावळ्याला येईल कसं? "कळतंय की," मावशी म्हणाली, "पर बगून आले. आता हिकडं जीव न्हाई ऱ्हायचा."

पुढच्या वर्षापासून तिचं चालणं सुरू झालं. भात झोडून झालं की निघायची, आणि लावणीच्या आधी भावाच्या खाचरावर हजर. जाताना आणि येताना मुक्काम आमच्याकडे. लोणावळं तिच्या वाटेवर नव्हतं, पण यांनी फरशीवर पुढची रेघ काढून दिल्याशिवाय ती हलायची नाही. चालायची काठानंच. गाडीनं जाऊन गेल्या साली जिथं थांबली होती तिथं उतरायची आणि तिथून पुढं. एका वर्षी दौंडाच्या खाली चुकून पलीकडच्या गावापासून चालायला लागली, मधलं सहा मैलांचं अंतर राहून गेलं. ते परत आल्यावर यांच्याशी बोलताना लक्षात आलं. त्या साली तिच्या तोंडचं पाणी पळालं. "तेवडं तिला एकलीला सोडलं की वो मी!" पुढच्या वर्षी आधी ते सहा मैल चालून मगच ती पुढं सरकली.

सुरुवातीला ती गावोगावच्या घाटांवर चौकशी करायची. कमरेच्या थोडं वर हात धरून दाखवायची, एवढी पोर, हातात हिरव्या बांगड्या, इथं कधी काठाला लागली होती का? लोक हळहळत, भाकरी देत. कुणी वेडी समजून अंगावर कुत्रीही घातली. पंढरपूरला दोन दिवस राहिली. दर्शन झालं का विचारलं तर म्हणाली, "झालं. पर माजं काम द्येवाकडं नव्हतं, नदीकडं व्हतं." कानडी मुलूख लागला तसं तिचं विचारणं थांबलं. तेव्हा यांनी भीतभीत म्हटलं, "मावशी, इतक्या वर्षांनी आता काय सापडणार?" मावशी शांतपणे बोललेली मला फार थोड्या वेळा आठवते, त्यातली ही एक. "सापडायला न्हाई जात, जावईबापू. तिसऱ्या दिशी तिला सोडली. फुडं ती एकलीच गेली. जेवडी गेली तेवडं मीबी जाते, सोबतीला."

नदीचं नाव बदलतं याचं तिला काही वाटायचं नाही. यांनी एकदा विचारलं, इंद्रायणी तर तुळापूरलाच संपली, आता तुम्ही भीमेच्या काठानं कशाला चालता? "पोरीचं नाव बदललं म्हून ती दुसरी झाली व्हय?" असं तिनं उलट यांनाच विचारलं. भाषेचंही तिनं कौतुक केलं नाही. "भूक लागली की प्वाटावर हात मारायचा. आनि बायांना बाया कळत्यात." कानडी बायकांनी तिला जोंधळ्याच्या कडक भाकऱ्या बांधून दिल्या होत्या. त्यातली एक तिनं माझ्यासाठी लोणावळ्यापर्यंत आणली. दगड झाली होती, पण मी आमटीत बुडवून खाल्ली.

आमच्या घरात असली म्हणजे मात्र तिचा त्रास व्हायचा, हेही सांगायला हवं. ती कुठलंही काम पुरं करायची नाही. तांदूळ निवडायला घेतले की अर्धे निवडून उठली. माझ्या दुसऱ्या बाळंतपणात मला ताप धरला आणि ती सबंध हंगाम माझ्यापाशी राहिली. बाळाला न्हाऊ घालायची, मला शेक द्यायची, आणि मधेच दारात जाऊन उभी राहायची. मी पडल्या पडल्या म्हणे, मावशी, माझ्यामुळं तुझं या सालचं चालणं राहिलं. ती म्हणायची, "गप निज." त्या वर्षाबद्दल तिनं मला पुढं कधी एका शब्दानं ऐकवलं नाही. पण पावसाळ्यात भरलेल्या ओढ्याकडे ती ज्या डोळ्यांनी बघायची, ते बघून माझं मलाच अपराधी वाटायचं.

कृष्णा पुढं डोंगराच्या खोबणीतून जाते, तिथं घनदाट जंगल आहे आणि काठानं वाट नाही. त्या टप्प्यानं तिला तीन वर्षं छळलं. शेवटी शिवरात्रीला मल्लिकार्जुनाला जाणाऱ्या यात्रेकरूंबरोबर ती त्या रानात शिरली आणि जमेल तेवढी नदी बघून बाहेर पडली. जिथं काठ गाठता आला नाही तिथं कड्यावरून ओरडून सगुणेला हाक मारली, म्हणाली. तोवर तिचे केस पांढरे झाले होते, गुडघे सुजले होते. माझी मुलं मोठी झाली होती, सासूबाई जाऊन पाच वर्षं झाली होती. फरशीवरची रेघ ओसरीच्या कडेपासून वीतभर उरली होती.

शेवटच्या खेपेला ती निघाली तेव्हा दुसरी लढाई चालू होती. गाड्या शिपायांनी भरलेल्या. मी तिच्याशी स्टेशनात भांडले, फलाटावर, लोक बघत असताना. म्हटलं, पुरे झालं आता, सगुणा काही तुझ्या पोटची नव्हती, मी तरी जिती आहे, माझ्यापाशी राहा. मावशी ऐकत होती आणि तिचा एक पाय गाडीच्या पायरीवर होता. "तुजं बरं चाललंय न्हवं?" तिनं विचारलं. माझं बरंच चाललं होतं. नाही कसं म्हणणार? "मग झालं," ती म्हणाली आणि चढली. मी रागानं हातही हलवला नाही.

लावणी आली, मावशी आली नाही. दसरा गेला. हे ठिकठिकाणच्या स्टेशनांना पत्रं लिहून थकले. थंडीत एक पत्र आलं. आपल्याकडचे काही शिंपी फार पूर्वी तेलंगी मुलखात जाऊन राहिलेले आहेत, त्यांची मराठी जुन्या वळणाची आणि मोडकी. अशाच एका शिंप्याकडून मावशीनं ते लिहवून घेतलं होतं. त्यानं बिचाऱ्यानं ती बोलली तसंच्या तसं उतरवलं होतं.

"पोरी, पोचले. हितं नदी लय रुंद हाय. कुटं सरती ते डोळ्याला दिसत न्हाई, निस्तं पानी खारट हुत जातं. चार दीस चाखत चाखत गेले, मंग कळलं की आली. कोळ्यांच्या वस्तीत ऱ्हाते. मासं वाळवू लागते, ती मला भात घालत्यात. मानसं ग्वाड हायती. जावईबापूंना सांग, न्याया येऊ नका. एवडीशी पोर, एवड्या लांब एकली आली. आता तिला एवड्या पान्यात टाकून मी कशी म्हागारी येऊ?"

मला आधी संताप आला. एका मेलेल्या पोरीसाठी तिनं आम्हा जित्या माणसांना सोडलं, असंच मनात आलं, आणि ते मी बोलूनही दाखवलं. हे रजेचा अर्ज लिहायला बसले, पास काढून उद्याच निघतो म्हणाले. मी पत्र दुसऱ्यांदा वाचलं, तिसऱ्यांदा वाचलं, आणि त्यांच्या हातातून टाक काढून घेतला. म्हटलं, नका जाऊ. तिला कुणी अर्ध्यातून उठवायचं नाही.

त्या शिंप्याच्या पत्त्यावर मी दर संक्रांतीला तिला एक लुगडं आणि तिळगुळाची पुरचुंडी पाठवू लागले. पहिल्या वर्षी पोचपावतीवर तिचा अंगठा आला, शाई फासून चांगला दाबून उठवलेला. दुसऱ्या वर्षीही आला. तिसऱ्या वर्षी पार्सल जसंच्या तसं परत आलं. वर तेलंगीत काही लिहिलं होतं, ते यांनी स्टेशनातल्या एका मद्रासी बाबूंकडून वाचून घेतलं आणि घरी येऊन मला सांगितलं. सासूबाई गेल्या तेव्हा मी रीतीप्रमाणं रडले होते. पार्सल परत आलं त्या दिवशी माझा आकांत ऐकून सारी आळी दारात गोळा झाली, बायका कोण गेलं, कोण गेलं म्हणून विचारत राहिल्या, आणि मला काही सांगता येईना.